लष्कराच्या भाकऱ्या आणि मोकळा शुक्रवार

ॲमस्टरडॅममधल्या सीडब्ल्यूआय या राष्ट्रीय संशोधनसंस्थेचं ऑफिस १९८९ च्या नाताळात बंद राहणार होतं. तिथे नोकरीला असलेल्या खीडो फान रॉसम यांच्याकडे (आपण इंग्रजी वळणाने त्यांना ‘ग्विडो’ म्हणतो) घरी संगणक होता आणि हाताला दुसरं काम नव्हतं. वेळ जावा म्हणून त्यांनी प्रोग्रॅमिंगची एक छोटी भाषा लिहायला घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. तीच पायथन. आज पुण्या-नाशकातल्या शाळकरी मुलांच्या क्लासपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळांपर्यंत सगळीकडे ती वापरली जाते.

ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की तिला संतचरित्रातल्या चमत्काराची कळा आली आहे. एक माणूस, एक सुट्टी आणि जगाला फुकट दिलेला ठेवा. पण पायथनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा परवाना काढून वाचला तर हक्कदार म्हणून तिथे खीडोंचं नाव सापडत नाही. तिथे आहे ‘स्टिख्टिंग मॅथेमॅटिश सेंट्रम’, म्हणजे सीडब्ल्यूआय जिच्या छत्राखाली चालते ती संस्था. नाताळ संपल्यावर ती हौस ऑफिसात गेली, तिथल्या अमीबा प्रकल्पात वापरली जाऊ लागली आणि पगाराच्या सावलीत मोठी झाली.

आपल्याकडे अशा उद्योगाला घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. म्हणीतला टोमणा भाजणाऱ्याला आहे. मला मात्र तिचे पहिले दोन शब्द जास्त महत्त्वाचे वाटतात. घरचं खाऊन, ठीक. पण घरचं आलं कुठून? पीठ कोणाच्या पगाराचं होतं? आणि हा गृहस्थ लष्कराच्या चुलीपाशी बसलेला असताना घरची भांडी कोण घासत होतं? ओपन सोर्सबद्दल, म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा अशा सॉफ्टवेअरबद्दल, बोलताना चर्चा दोन टोकांना जाते: एक तर त्यागाची स्तोत्रं, नाहीतर मोठ्या कंपन्यांच्या फुकटेपणाची तक्रार. घरच्या जेवणाचा हिशेब क्वचितच मांडला जातो. तो मांडायला नेदरलँड्स सोयीचा देश आहे. जेमतेम एक कोटी ऐंशी लाख वस्तीच्या या देशातून पायथन, व्हिम, मिनिक्स, ब्लेंडर अशी नावं निघाली, आणि प्रत्येकाच्या मागची चूल वेगळी होती.

सगळ्यात निवांत चूल प्राध्यापकाची. फ्राय युनिव्हर्सिटाइटमध्ये शिकवणारे अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टिम आतून दाखवता यावी म्हणून मिनिक्स लिहिली. फिनलंडमधला लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी ती वापरतच लिनक्सकडे वळला, आणि जानेवारी १९९२ मध्ये दोघांचं जे जाहीर भांडण झालं ते संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढे २००८ मध्ये मिनिक्सच्या संशोधनाला युरोपियन रिसर्च कौन्सिलचं पंचवीस लाख युरोंचं अनुदान मिळालं. २०१७ मध्ये उघड झालं की इंटेलने आपल्या चिपांच्या आत गुपचूप मिनिक्सच बसवली आहे. म्हणजे ती कोट्यवधी संगणकांत पोचली होती आणि लेखकालाच त्याचा पत्ता नव्हता. टॅनेनबाउम यांनी एक खुलं पत्र लिहिलं. त्याचा सूर असा की पैसे नकोत, पण कळवलं असतंत तर बरं वाटलं असतं. हा दिलदारपणा खरा आहे, यात शंका नाही. पण ज्याचा पगार आणि पेन्शन विद्यापीठाने सांभाळलं त्याला तो परवडतो, हेही खरं.

सीडब्ल्यूआयमधलंच आणखी एक उदाहरण फारसं कोणी सांगत नाही. एप्रिल १९८६ मध्ये ‘.nl’ हा देशाचा इंटरनेटवरचा पत्ता तिथल्या पीट बेर्तेमा यांच्या नावे नोंदवला गेला. त्यानंतर दहा वर्षं, १९९६ मध्ये एसआयडीएन ही संस्था उभी राहीपर्यंत, नेदरलँड्समधल्या डोमेनची नोंदवही हा एक माणूस आपल्या टेबलावरून सांभाळत होता. आज त्या नोंदवहीत साठ लाखांवर नावं आहेत आणि ती चालवायला पगारी माणसं आहेत. एका टेबलाच्या कोपऱ्यापासून संस्थेपर्यंत यायला दहा वर्षं लागली, आणि ती दहा वर्षं एका संशोधनसंस्थेने आपल्या माणसाच्या तासांकडे काणाडोळा केला. ओपन सोर्सला मिळालेल्या देणग्यांची यादी कोणी करायला घेतली तर असे काणाडोळे त्यात सगळ्यात वर असायला हवेत.

ब्राम मोलेनार यांच्यापाशी जरा थांबायला हवं. १९८८ मध्ये त्यांनी अमिगा संगणक घेतला. हवा तो एडिटर त्यावर मिळेना, म्हणून उपलब्ध कोडवर डागडुजी करत त्यांनी स्वतःचाच बनवला. १९९१ मध्ये तो व्हिम म्हणून बाहेर आला. पुढची बत्तीस वर्षं व्हिममध्ये आत येणारी जवळपास प्रत्येक ओळ या एका माणसाच्या हाताखालून गेली. पोटासाठी ते आधी फोटोकॉपी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते, मग स्वतंत्र कामं घेत, आणि २००६ पासून गूगलच्या झुरिक ऑफिसात. मधल्या काळात एनएलनेट या डच प्रतिष्ठानने त्यांना अनुदानही दिलं, पण ते व्हिमसाठी नव्हतं. ए-ए-पी नावाच्या दुसऱ्याच एका साधनासाठी होतं. ज्यासाठी पैसे मिळाले ते साधन आज कोणाच्या लक्षात नाही. ज्यासाठी ते नव्हते ते जगभरातल्या असंख्य सर्व्हरवर सापडतं.

पैशांबाबत मोलेनार यांनी जे केलं ते मला या सगळ्या क्षेत्रात एकमेव वाटतं. १९९४ च्या सुमारास ते युगांडातल्या किबाले गावी वर्षभर स्वयंसेवक म्हणून पाणी आणि स्वच्छतेच्या कामावर होते. परतल्यावर त्यांनी तिथल्या मुलांसाठी आयसीसीएफ हॉलंड ही संस्था चालवली आणि व्हिमला ‘चॅरिटीवेअर’ म्हटलं: वापरा फुकट, आवडला तर किबालेच्या मुलांसाठी द्या. व्हिम उघडला की पहिल्याच पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते, ती त्यामुळे. स्वतःच्या उत्पन्नाचा प्रश्न त्यांनी सॉफ्टवेअरपासून इतका सुटा केला की देणगी देणाऱ्याला त्यांच्यावर हक्क सांगायची फारशी सोय उरली नाही. ‘मी पैसे दिले, माझा बग आधी बघा’ असं म्हणायचं तर कोणाला म्हणणार, किबालेच्या शाळेला?

याची दुसरी बाजूही आहे. ज्या कामाला मालक नाही, पगार नाही, रजा नाही, तिथे बदली माणूसही नसतो. २०१४ मध्ये काही प्रोग्रॅमर मोठे बदल घेऊन आले. ते आत घेतले गेले नाहीत, तेव्हा निओव्हिम नावाची वेगळी चूल मांडली गेली. ३ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, मोलेनार आजारपणात गेले. मग जर्मनीतले ख्रिस्तियान ब्राबांट आणि इतर काही स्वयंसेवकांनी व्हिमचा भार उचलला. २ जानेवारी २०२४ ला आलेली ९.१ ही आवृत्ती मोलेनार यांना अर्पण केलेली आहे. एका माणसाच्या संध्याकाळींत होणारं काम आता अनेक माणसांच्या संध्याकाळींत वाटून गेलं आहे, इतकाच फरक.

संध्याकाळ हा शब्द इथे मुद्दाम वापरतो. या प्रश्नावर लिहिणारे बहुतेक अमेरिकी लेखक पैशांपासून सुरुवात करतात: देणग्या कशा मिळवाव्यात, प्रायोजक कसे गाठावेत. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्याला प्रश्न आधी घड्याळाचा दिसतो, कारण इथल्या कायद्याने घड्याळाला हात घातला आहे. १ जुलै २००० पासून नोकरदाराला आपले कामाचे तास कमी किंवा जास्त करून मागण्याचा हक्क आहे. २०१६ च्या लवचिक कामाच्या कायद्यात तो पुढे आला. दहा किंवा जास्त माणसं असलेली कंपनी, किमान सव्वीस आठवड्यांची नोकरी आणि दोन महिने आधी लेखी अर्ज, एवढं असलं की मालकाला तास कमी करायला नकार देण्यासाठी भक्कम कारण दाखवावं लागतं. इथला कामाचा आठवडा सरासरी बत्तीस तासांचा, युरोपातला सगळ्यात लहान. चार दिवसांची नोकरी हा इथे आळसाचा पुरावा मानला जात नाही. बापाने मुलांसाठी घेतलेल्या मोकळ्या दिवसाला तर ‘पापादाख’ असा शब्दच आहे (काही बापांना तो आवडत नाही, आईच्या सुट्टीला कोणी ‘मामादाख’ म्हणून मिरवत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं).

ओपन सोर्सच्या दृष्टीने हा कायदा कुठल्याही देणगीपेक्षा मोठा आहे. बत्तीस तासांच्या पगारावर घर चालत असेल, तर शुक्रवार हातात राहतो. त्या दिवशी केलेल्या कामासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही आणि कोणाच्या मुदती पाळाव्या लागत नाहीत. शिवाय ऑगस्ट २०२२ पासून मालकाला सबळ कारणाशिवाय नोकरीबाहेरचं काम करायला बंदी घालता येत नाही. एक मेख मात्र राहते. डच कॉपीराइट कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून निर्माण केलेल्या गोष्टीचा हक्क मालकाचा. पायथनच्या परवान्यावर संस्थेचं नाव असण्यामागे हीच रीत. त्यामुळे शुक्रवारचा कोड आणि सोमवारचं काम एकाच विषयातलं असेल, तर हौस कुठे संपते आणि नोकरी कुठे सुरू होते हे आधी कागदावर ठरवून घेतलेलं बरं.

कायद्याची आणखी एक गंमत आहे. इथे नोकरदार आजारी पडला तर मालकाला दोन वर्षांपर्यंत किमान सत्तर टक्के पगार द्यावा लागतो, आणि आजार कशाने आला हे सहसा बघितलं जात नाही. म्हणजे फुकटच्या प्रकल्पाने एखाद्याची झोप उडवली, तो थकून बसला, तर त्या थकव्याचं बिल ज्या कंपनीचा त्या प्रकल्पाशी संबंधही नाही तिच्याकडे जातं. स्वतंत्र काम करणाऱ्याला हे छत्र नाही. ओपन सोर्समधले बरेच लोक स्वातंत्र्याच्या ओढीने स्वतंत्र व्यावसायिक होतात. सवडीचा शुक्रवार त्यांना लगेच मिळतो; आजारी पडायची सवड मात्र विमा घेतला तरच.

आता भांड्यांचा प्रश्न. डच घराचा नेहमीचा नमुना दीड पगाराचा आहे: एक पूर्ण नोकरी, एक अर्धी. नोकरी करणाऱ्या डच स्त्रियांपैकी निम्म्याहून बऱ्याच जास्त अर्धवेळ काम करतात, पुरुष त्या मानाने थोडे. अर्धी नोकरी करणाऱ्या बाईचा मोकळा दिवस मुलांना पोहायला नेण्यात, दाताच्या डॉक्टरकडे जाण्यात आणि सासूबाईंच्या चौकशीत संपतो. अर्धी नोकरी करणाऱ्या पुरुषाच्या मोकळ्या दिवसाला मात्र छंद म्हणून दर्जा मिळू शकतो. गिटहबने २०१७ मध्ये ओपन सोर्समधल्या लोकांची पाहणी केली तेव्हा उत्तर देणाऱ्यांत ९५ टक्के पुरुष होते आणि स्त्रिया फक्त ३ टक्के. याची कारणं अनेक आहेत, त्यांत तिथली उद्धट भाषाही आली. पण रात्री नऊनंतर कोणाचे दोन तास खरोखर मोकळे असतात, हे कारण मला सगळ्यांत जड वाटतं. स्वयंसेवेला लागणारा कच्चा माल बुद्धी नाही. कोणी न अडवलेला वेळ आहे, आणि तो घराघरांत सारखा वाटलेला नाही. सरकारने जुलै २०२० पासून बाळाच्या दुसऱ्या पालकाला पहिल्या आठवड्याशिवाय आणखी पाच आठवड्यांची, सत्तर टक्के मोबदल्याची रजा दिली. ती घेऊन मोठा रिलीज काढणारे वीरही असतील. त्यांच्या बायकांचं मत कुठल्या चेंजलॉगमध्ये नोंदवलेलं सापडत नाही.

पैशांकडे येतो. नेदरलँड्समध्ये या कामासाठी संस्थात्मक पैसा आहे आणि त्याचा उगम मजेशीर आहे. १९८२ मध्ये युरोपातल्या युनिक्स वापरणाऱ्यांनी हौसेने संगणकांचं जाळं जोडायला घेतलं. त्याचं मुख्य केंद्र होतं सीडब्ल्यूआय. त्या धडपडीतून १९८९ मध्ये एनएलनेट हे प्रतिष्ठान आणि पुढे त्याची इंटरनेट पुरवणारी कंपनी उभी राहिली. १९९७ मध्ये ती कंपनी यूयूनेटला विकली गेली, आणि आलेली रक्कम संस्थापकांच्या खिशात न जाता प्रतिष्ठानकडे राहिली. तिच्यातूनच खुल्या तंत्रज्ञानाला अनुदानं देणं सुरू झालं. २०१८ पासून युरोपियन कमिशनच्या पैशातून एनएलनेट लहान लहान अनुदानं वाटते: साधारण पाच हजारांपासून पन्नास हजार युरोंपर्यंत, अर्ज आटोपशीर, आणि एकट्या माणसालाही करता येण्याजोगा. घरी बसून काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला जिथे कंपनी न काढता पैसे मागता येतात अशी दारं जगात फार नाहीत. २०२४ च्या उन्हाळ्यात युरोपियन कमिशनच्या पुढच्या आराखड्यातून हा निधी गायब झाल्याचं दिसलं तेव्हा संस्थांनी खुली पत्रं लिहून आरडाओरडा केला, त्याचं कारण हेच.

माझा आक्षेप अनुदानाच्या आकाराला नाही, रीतीला आहे. पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात: ठरवलेलं करून दाखवा, मग रक्कम घ्या. सार्वजनिक पैशाला ही शिस्त हवीच. पण मेंटेनरचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचा, जीव जातो तो टप्प्यांत न बसणाऱ्या कामात: दुसऱ्याचा कोड वाचणं, तेच ते प्रश्न नव्याने सोडवणं, चिडलेल्याला शांत उत्तर देणं, कोणी तरी एक जुनी लायब्ररी बदलली म्हणून आपलं सगळं पुन्हा जुळवणं. नवी खोली बांधायला वर्गणी जमते, गळकं छप्पर शाकारायला जमत नाही. देवळाचा जीर्णोद्धार केलेल्या कुठल्याही गावाला हे सांगायला नको. जर्मनीने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड काढला तो मुख्यतः या शाकारणीसाठी, आणि त्या बाबतीत तो डच दाराच्या एक पाऊल पुढे आहे असं मला वाटतं.

ब्लेंडरची कथा वेगळ्याच वाटेने जाते. तॉन रोझेंदाल यांची त्रिमिती ॲनिमेशनचं साधन विकणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली. गुंतवणूकदारांनी कोड सोडायची किंमत सांगितली एक लाख युरो. त्या उन्हाळ्यात लोकांनी ती सात आठवड्यांत जमवली आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर खुलं झालं. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतर रोझेंदाल यांनी केलं ते जास्त शहाणपणाचं होतं: ॲमस्टरडॅममधल्या प्रतिष्ठानाच्या आधाराने पगारी कलाकारांकडून ‘एलिफंट्स ड्रीम’, ‘बिग बक बनी’ असे लघुपट करून घेतले, आणि त्यासाठी स्टुडिओही उभारला. चित्रपट बनवताना जे अडेल ते दुरुस्त करायचं, त्या दुरुस्त्या सगळ्यांना द्यायच्या. पुढे कंपन्या आणि वापरणाऱ्यांच्या नियमित वर्गणीतून प्रोग्रॅमरांना पगार सुरू झाले. २०१९ मध्ये एका गेम कंपनीने बारा लाख डॉलर दिले. २०२५ चं ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरवर झाला. आणि १ जानेवारी २०२६ पासून रोझेंदाल यांनी अध्यक्षपद दुसऱ्याच्या हाती दिलं. जिवंतपणी, धडधाकट असताना, वेळापत्रक जाहीर करून बाजूला होणं ही या क्षेत्रात दुर्मीळ गोष्ट आहे, आणि पाठीशी पगारी संस्था असल्याशिवाय ती जमत नाही.

संस्था काढली की कटकट मिटते असं मात्र नाही. देव्हेंटर या जुन्या गावात नोंदलेल्या क्रिटा फाउंडेशनने (चित्रं काढण्याचं उत्तम मोफत सॉफ्टवेअर) २०१७ मध्ये याचा चटका सोसला. करखात्याने हिशेब तपासले आणि व्हॅटच्या नियमांवरून सुमारे चोवीस हजार युरोंची मागणी पुढे आली. फुकट वाटण्यासाठी बनवलेली वस्तू हा धंदा धरायचा की नाही, यावर परत मागून घेतलेला कर वैध ठरतो की नाही ते अवलंबून असतं. भाकऱ्या भाजणाऱ्याला एक दिवस पिठाचं बिल मागितलं गेलं, असंच म्हणा. क्रिटाने वापरणाऱ्यांपुढे सगळं उघड मांडलं. लोकांनी पैसे दिले, एका कंपनीने एकटीने वीस हजार युरो दिले, आणि गाडी रुळावर आली. क्रिटाला आज टिकाऊ आधार कोणाचा आहे? स्टीमसारख्या दुकानांतल्या विक्रीचा. जे फुकट मिळतं तेच लोक तिथे आपखुशीने विकत घेतात.

बाकीच्या वाटा थोडक्यात. डच प्रोग्रॅमर पाउलस स्खाउत्सन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या होम असिस्टंटने घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर मोफत ठेवलं आणि सोयीच्या सेवेची मासिक वर्गणी घेऊन माणसं पोसली. गिटलॅबने कंपनीच काढली: २०११ मध्ये युक्रेनमधल्या दमित्रो झापोरोझेत्स यांनी नळाला पाणी नसलेल्या घरात ते लिहायला घेतलं, नंतर डच उद्योजक सित्सं सिब्रँडाय जोडले गेले, उट्रेख्टला कंपनी झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती अमेरिकी शेअर बाजारात गेली. ही वाट हजारात एखाद्याची. ती दाखवून इतर नऊशे नव्व्याण्णवांना ‘तुम्हीही करा’ म्हणणं म्हणजे गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येक पोराला सचिनचं बँक खातं दाखवण्यासारखं आहे.

त्या नऊशे नव्व्याण्णवांचं काय होतं, ते अधूनमधून जगाला हादरा बसला की दिसतं. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ चूक सापडली तेव्हा कळलं की अर्ध्या इंटरनेटचं कुलूप सांभाळणाऱ्या प्रकल्पाला वर्षाकाठी दोनेक हजार डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ माणूस एकच होता. एक्सझेड नावाच्या, फाइली लहान करणाऱ्या साधनाची हकीकत तर चटका लावणारी आहे. फिनलंडमधल्या त्याच्या एकट्या मेंटेनरने २०२२ मध्ये सांगितलं होतं की हे बिनपगारी, छंदाचं काम आहे आणि आपलं मनःस्वास्थ्य बरेच दिवस ठीक नाही. अनोळखी नावांनी त्यांच्यावर दबाव वाढवला: तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला आत घ्या. दुसरा आत आला, दोनेक वर्षं मन लावून मदत केली, आणि मार्च २०२४ मध्ये उघड झालं की त्याने चोरदार बसवलं होतं. अर्ध्या सेकंदाच्या विलंबाचा संशय येऊन एका प्रोग्रॅमरने ते पकडलं. घरफोडीसाठी इथे कुलूप तोडावं लागलं नाही. थकलेल्या माणसाला हात देणारं कोणी नव्हतं, एवढं पुरलं. त्याच वर्षीच्या टाइडलिफ्ट या कंपनीच्या पाहणीत ६० टक्के मेंटेनरांनी आपल्याला पैसे मिळत नाहीत असं सांगितलं, आणि जवळपास तितक्यांनीच काम सोडलं तरी होतं किंवा सोडायचा विचार केला होता.

युरोपने आता सायबर सुरक्षेचा नवा कायदा केला आहे. तो डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि डिसेंबर २०२७ मध्ये पूर्ण लागू होईल. धंदा न करणाऱ्या हौशी लेखकाला त्यातून वगळलं आहे, प्रतिष्ठानांसाठी ‘कारभारी’ असा हलक्या जबाबदारीचा वर्ग ठेवला आहे, आणि विकणाऱ्या कंपनीवर आपल्या मालातल्या उसन्या कोडचीही जबाबदारी टाकली आहे. हा शेवटचा भाग नीट राबवला गेला तर कंपन्यांना मेंटेनरचा पत्ता शोधत यावं लागेल. चेकबुक घेऊन येतात की प्रश्नावली घेऊन, हे बघायचं.

आणि आपण? महाराष्ट्राला ही चूल परकी नाही. पुण्याच्या लिनक्स गटाने आणि सिम्बायोसिसमध्ये भरणाऱ्या ग्नूनिफाय मेळाव्याने एक पिढी घडवली. फायरफॉक्स मराठीत दिसतो तो स्वयंसेवकांच्या कष्टाने. मुंबईच्या फ्रापे कंपनीने आपलं ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर खुलं ठेवून धंदा करून दाखवला. आणि २०२४ मध्ये झिरोधा कंपनीने ओपन सोर्ससाठी वर्षाला दहा लाख डॉलरांचा निधी जाहीर केला. त्या घडलेल्या पिढीतले कितीतरी जण आज ॲमस्टेलव्हेन, आइंडहोव्हन, उट्रेख्टला आहेत. पण त्यांच्या पासपोर्टावरच्या शिक्क्यामुळे वर सांगितलेलं सगळं गणित बदलतं.

भारतातून आलेला प्रोग्रॅमर इथे बहुधा ‘केनिसमिख्रांट’, म्हणजे ज्ञानाच्या बळावर आलेला स्थलांतरित, म्हणून राहतो. त्याचा परवाना पगाराच्या किमान रकमेला बांधलेला आहे. २०२५ मध्ये तिशी ओलांडलेल्यासाठी ती महिना ५,६८८ युरो होती, सुट्टीभत्ता सोडून. अर्धवेळ काम केलं तरी ही रक्कम त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणजे साडेसहा हजार युरो मिळवणाऱ्या मराठी माणसाने डच सहकाऱ्यासारखा चार दिवसांचा आठवडा मागितला, तर हक्क त्यालाही आहे, मालक हसत मंजूरही करेल, पण पगार ५,२०० वर येईल आणि राहण्याचा परवाना धोक्यात. नोकरीच गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने. स्वतंत्र व्यवसाय त्याला नोकरी सांभाळून करता येतो, नोकरीऐवजी नाही. त्यामुळे यान नावाचा डच शेजारी जे शुक्रवारी दुपारी उजेडात करतो ते आपला माणूस रात्री साडेदहानंतर, मुलं झोपल्यावर, गावाकडचा व्हिडिओ कॉल उरकून करतो. दोघांचे पॅच शेजारी शेजारी लागतात, आणि कोडकडे बघून कोणालाही फरक कळत नाही.

पाच वर्षांनी कायमचा परवाना मिळाला की ती पगाराची अट सुटते. मग दोन महिने आधी द्यायचा तो तास कमी करण्याचा अर्ज त्यालाही भरता येतो. तोवर बहुतेकांनी घराचं कर्ज काढलेलं असतं, दुसरं मूल झालेलं असतं, आणि अर्जातल्या कारणाच्या रकान्यात ‘पापादाख’ लिहून तो प्रकल्पाच्या पानावर ‘सध्या वेळ देता येत नाही, कोणी सांभाळायला तयार असल्यास कळवावे’ अशी ओळ टाकतो.